नारळाचं पाणी प्यालेला कीबोर्ड

मी एक जुना कीबोर्ड आहे. मित्रांनो, जुन्या वस्तू आपली गोष्ट सांगायला बसल्या की शेवटी रडतात, हे मला ठाऊक आहे. छत्री रडते, फळा रडतो, मोडकी खुर्ची तर पहिल्या वाक्यापासूनच गळा काढते. मी रडणार नाही. माझ्या एकशे एक कळांपैकी एक कायमची मुकी आहे, कित्येक कळांवरची अक्षरं पुसून गेली आहेत आणि माझा मूळचा पांढरा रंग पार पिवळा पडला आहे. यातल्या एकाही गोष्टीचं मला वाईट वाटत नाही. उलट मला त्याचा तोराच आहे.

माझा जन्म कुठल्याशा दूरच्या कारखान्यात झाला. जन्मल्या जन्मल्या एका यंत्रानं माझी एकेक कळ दाबून, ठोकून, बडवून पाहिली. आपण बोटांचा मार खायला जन्मलो आहोत, हे मला तेव्हाच कळलं आणि ते आवडलंही. पण १९९४ साली मी बीड जिल्ह्यात केजला आलो आणि माझं सगळंच गणित फिसकटलं.

त्या वर्षांत देशाची दारं उघडली, बाहेरच्या कंपन्या येणार, आता सगळीकडे संगणक होणार, असं पेपरात रोज छापून यायचं. केजमध्ये शिवलिंगअप्पांचं लोखंडी सामानाचं दुकान होतं. खिळे, पत्रे, कुदळी विकता विकता अप्पा तो पेपर पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचे. आपल्या गावानं तेवढं मागं का राहावं, असं त्यांच्या मनानं घेतलं आणि दुकानाच्या माडीवर त्यांनी संगणकाचा वर्ग काढला. औरंगाबादहून संगणक जीपमधून आला. मला मात्र अप्पांनी टॉवेलात गुंडाळून मांडीवर बसवून आणलं. वाटेतल्या प्रत्येक खड्ड्याला ते मला दोन्ही हातांनी धरत होते. माणूस फार चांगला होता, आणि तिथंच माझं नडलं.

कारण अप्पांनी मला देव केलं. माडीवर चपला काढून यायचं. सकाळी कपाळावर भस्माचे तीन पट्टे ओढून झाले की अप्पा तीच बोटं पुसून मला एक फूल वाहायचे. भिंतीवर पाटी होती, ‘यंत्रास हात लावू नये’. आणि माझ्यावर जांभळ्या मखमलीचं पांघरूण. पहिल्या महिन्यात माझ्यावर जितकी फुलं पडली तितकी बोटं पडली नाहीत.

ते पांघरूण शिवलं होतं विमलबाईंनी. त्यांचा शिलाईचा धंदा होता. पांघरूण द्यायला आल्या तेव्हा त्या दारातच म्हणाल्या, “अप्पा, एक बोलू का? माजी मशीन रोज चालती मनून चालती. अशी झाकून ठिवली असती तर कवाच गंजली असती.”

“तुमची मशीन येगळी, विमलबाई. ही लई नाजूक चीज हाय.”

मी नाजूक? मला त्या दिवशी इतका राग आला की काय सांगू! पण कीबोर्डाला स्वतःहून बोलता येत नाही. कुणीतरी दाबावं लागतं.

विमलबाईंची मुलगी सत्यशीला याच वर्गात होती. वडील विठ्ठलराव तहसील कचेरीत शिपाई. त्यांनी मुलीला बजावून सांगितलं होतं, “एक वर्स शीक. पास झालीस तर पुढचं बगू. न्हाई झालीस तर ही माडी पुन्यांदा चढायची न्हाई.” ते वाईटपणानं बोलले नव्हते, पण शब्द फिरवणाऱ्यांतले ते नव्हते. तिला एकच वर्ष होतं आणि ते तिला पुरं माहीत होतं.

वर्गात मुलं अकरा आणि संगणक एक. प्रत्येकाच्या वाट्याला आठवड्यातून दहा मिनिटं. मग उरलेला वेळ शिकवायचं कसं? उमापूरचे रामहरी सर शिकवायला होते. त्यांनी माझी झेरॉक्स काढली, पुठ्ठ्यावर चिकटवली आणि अकरा जणांना एकेक पुठ्ठा दिला. मुलं पुठ्ठ्यावर बोटं आपटून प्रोग्रॅम लिहायची. पुठ्ठ्यावर काही उमटत नसे, म्हणून काय लिहिलं ते मोठ्यानं बोलायचं. शिवाय सरांनी आणखी एक सक्ती केली होती. संगणक प्रत्येक अक्षराला, प्रत्येक चिन्हाला एका आकड्यानं ओळखतो. ते सगळे आकडे सरांनी फळ्यावर लिहिले आणि पाढ्यांसारखे पाठ करून घेतले. मोठा ए पासष्ट, मोठा बी सहासष्ट, असं माडीवरून खाली दुकानापर्यंत ऐकू जायचं. गिऱ्हाईकं हसायची. वर्गातला बंकट तर तोंडावरच म्हणाला, “सर, ह्ये घोकून काय हुनार हाय?”

“मशीन आपल्या हातात न्हाई, बंकट. डोकं तर हाय का न्हाई?” सर म्हणाले आणि पुढचा आकडा लिहायला वळले.

सत्यशीलेच्या दहा मिनिटांची मी आठवडाभर वाट पाहायचो. मी नेहमी पाठीवर उताणा असतो, त्यामुळं मला पडदा कमी आणि माणसांची तोंडं जास्त दिसतात. बाकीची मुलं मला गरम तव्याला शिवावं तशी शिवायची. ही मात्र दणादण बडवायची. आईच्या हाताखाली शिलाईची मशीन चालवलेली बोटं ती! खालून अप्पा ओरडायचे, “अगं पोरी, हळू! मोडंल ना!” आणि मी मनात म्हणायचो, मोडलो तर मोडलो, तू थांबू नकोस.

एक वर्ष सरलं. दसऱ्यानंतर दोन दिवसांनी प्रात्यक्षिक परीक्षा लागली. खंडेनवमीला अप्पांनी दुकानातल्या सगळ्या हत्यारांची पूजा केली आणि तबक घेऊन माडीवर आले. दरवर्षी ते नारळ उंबऱ्यावर फोडत. या वर्षी परीक्षा होती, म्हणून खास माझ्यासमोर फोडायचं त्यांनी ठरवलं. टेबलावर पाटा ठेवला, माझं पांघरूण बाजूला केलं आणि नारळ आपटला. पाणी जे उडालं ते थेट माझ्या कळांत! अप्पांनी घाबरून टॉवेलानं पुसलं, देवाची माफी मागितली आणि मला पुन्हा मखमलीखाली झाकलं. माझी माफी काही कुणी मागितली नाही. खंडेनवमीला हत्यार चालवत नाहीत आणि पुढं दसऱ्याची सुट्टी. नारळाचं गोड पाणी आत सुकत राहिलं, मुंग्या आल्या, आणि माझी एक कळ घट्ट चिकटून बसली. मला ते कळत होतं. सांगणार कुणाला?

परीक्षेच्या दिवशी औरंगाबादहून परीक्षक साहेब आले. शिस्तीचे होते. रामहरी सरांना त्यांनी नियमाप्रमाणे जिन्यात बसवलं. संगणकात कुणी उत्तरं लपवून ठेवली असतील म्हणून जुना एडिटर पुसून टाकला आणि स्वतःच्या फ्लॉपीतून नवा भरला. मित्रांनो, एडिटर म्हणजे प्रोग्रॅम लिहायची वही. तेव्हाचा एडिटर निळ्या पडद्याचा आणि पिवळ्या अक्षरांचा असे. पण नुसती वही मांडून भागत नाही. प्रोग्रॅमला लागणारं सामान संगणकाच्या कुठल्या कप्प्यात आहे, त्याची वाट त्याला लिहून द्यावी लागते. विमलबाई शिवायला बसण्याआधी दोरा कुठं, कात्री कुठं हे बघून घेतात, तसंच हे.

साहेबांनी नमुन्याचा प्रोग्रॅम चालवून पाहिला. सामान सापडत नाही, असा निरोप आला. त्यांनी वाटेची ओळ उघडली आणि दुरुस्त करायला एक कळ दाबली. त्या एडिटरची खोड अशी की पहिलं अक्षर दाबलं की जुनी सगळी ओळ पुसली जाई. पुसली गेली. हरकत नाही, म्हणत साहेब पुन्हा लिहू लागले. पण दोन कप्प्यांच्या नावांमध्ये डावीकडं कललेली एक तिरकी रेघ लागते. बॅकस्लॅश. साहेबांनी ती कळ दाबली. काही उमटलं नाही. जोरात दाबली. ठोसा मारला. चिकटली होती ती हीच कळ.

साहेबांनी मला उलटा केला. माझ्यातून तीन मेलेल्या मुंग्या पडल्या.

“हे यंत्र आहे की गुळाची ढेप?” साहेब ओरडले. “वाटच लिहिता येत नाही तर परीक्षा कशी घेऊ? केंद्र रद्द. अकराही जण नापास, असाच अहवाल जाईल.”

अप्पा जिन्यातून धावत आले. “असं कावून करता, साहेब? मी आत्ता बीडला जीप धाडतो, दुसरा कीबोर्ड आनतो.”

“मला चारची गाडी आहे. तोवर तुमची जीप वाटेतल्या मांजरसुंब्याच्या पुढं तरी जाईल का?”

बंकट पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत होता. मी तिथं उताणा पडून सत्यशीलेकडं बघत होतो. तिचे ओठ हलत होते. रडतेय की काय, असं मला वाटलं. ती रडत नव्हती. ती घोकत होती.

“सर, ती कळ नसली तरी चालंल,” ती उभी राहून म्हणाली. “मी लिहून देते.”

“खाली बस, मुली.”

“बसते, सर. आधी लिहू द्या.”

“नियमात बसत नाही ते.”

“कळ मोडली तर थांबायचं, असं नियमात लिवलंय का, सर?” ती खुर्चीजवळ येऊन उभी राहिली. “एक डाव बगा. न्हाई जमलं तर आमी सगळे उठून जातो.”

साहेब खुर्चीतून उठले. तिच्यावर विश्वास बसला म्हणून नव्हे, तर गाडीला अजून वेळ होता म्हणून. सत्यशीला बसली. डाव्या हाताच्या बोटानं तिनं माझी आल्ट नावाची कळ दाबून धरली. उजव्या हातानं कडेच्या आकड्यांवर नऊ दाबला, दोन दाबला आणि डावं बोट उचललं.

पडद्यावर तिरकी रेघ उमटली.

कुणीतरी “आं?” केलं. बहुतेक बंकट असावा. सत्यशीलेनं वळूनही पाहिलं नाही. दोन वाटा लिहायच्या होत्या, त्यांत मिळून चार तिरक्या रेघा. चारही वेळा आल्ट धरून त्या रेघेचा आकडा, नऊ आणि दोन. मग नमुन्याचा प्रोग्रॅम चालवला आणि तो मुकाट चालला.

“ब्याण्णव,” साहेब हळूच म्हणाले. “हा आकडा तुला कसा ठाऊक?”

“सगळेच ठाऊक हायेत, सर. आमाला मशीन मिळत न्हाई ना, मग सरांनी पाठ करून घेतले.”

साहेबांनी जिन्याकडं पाहिलं. रामहरी सर तिथं गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते, त्यांच्या शेजारी लेकीच्या परीक्षेसाठी आलेल्या विमलबाई. साहेबांनी सरांना आत बोलावलं आणि बसायला खुर्ची दिली. अकराही जणांनी त्या दिवशी माझ्यावर परीक्षा दिली. ज्याला तिरकी रेघ लागे तो नऊ-दोन दाबी. चारची गाडी साहेबांनी जाऊ दिली. मित्रांनो, वर्षभराची फुलं एका पारड्यात आणि ती एक दुपार दुसऱ्यात टाका, मी ती दुपारच घेईन.

निकालात सत्यशीला पहिली आली. विठ्ठलराव शब्दाला जागले. पेढे घेऊन माडीवर आले आणि एवढंच म्हणाले, “चढ बाई माडी. किती चढायची ती चढ.” ती पुढचं शिकू लागली आणि लहान मुलांचा सकाळचा वर्गही घेऊ लागली.

अप्पांनी बीडहून नवा कीबोर्ड आणला आणि मला भंगारात काढलं. सत्यशीलेनं मला भंगारातून उचलून पुन्हा टेबलावर ठेवलं. “पयलं शिकायचं ते यावरच,” ती म्हणाली. आणि जांभळ्या मखमलीचं तिनं काय केलं माहीत आहे? फळा पुसायचं फडकं! विमलबाईंना जरा लागलं, मग त्याही हसल्या.

पुढच्या खंडेनवमीला अप्पा तबक घेऊन जिना चढले. वर सकाळचा वर्ग चालू होता. एक पोर मला बडवत होतं, बाकीची गलका करत होती.

“सत्यशीला! आज हत्याराला हात लावत न्हाईत, ठावं न्हाई का तुला?”

“ठावं हाय, अप्पा,” ती म्हणाली. “पर आमची पूजा अशीच असती. तुमी थांबवनार का?”

नारळ अप्पांच्या हातात होता. मला धडकी भरली, खोटं का सांगू! मग अप्पांनी नारळ खाली ठेवला, कुंकवात बोट बुडवलं आणि माझ्याकडं न येता एकेका पोराच्या कपाळाला ते लावत गेले. शेवटी सत्यशीलेच्या. जाताना भिंतीवरची पाटी खिळ्यासकट उपटून बगलेत मारून घेऊन गेले. खिळा त्यांच्याच दुकानातला होता.

तर मित्रांनो, वस्तूंची काळजी घ्या, असं मीही म्हणतो. पण काळजी म्हणजे झाकून ठेवणं नव्हे. ज्या कळांवरची अक्षरं गेली आहेत, ती माझ्या पोरांच्या बोटांनी खाल्ली आहेत. मला फूल नको, मखमल नको आणि दया तर मुळीच नको. माझ्याकडं येताना हात धुऊन या, एवढंच. आणि मग बडवा.