पिवळं दार

घरात सगळे तिला लवंगी म्हणत. वय पंधरा, अंगानं काडी, पण एकदा हट्टाला पेटली की समोरच्याच्या नाकी नऊ आणायची. गेल्या वर्षी डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, की हिची नजर कडेकडून आत आक्रसत जाणार. समोरचं दिसेल, आजूबाजूचं हळूहळू जाईल, आणि अंधूक उजेडात तर फारच थोडं दिसेल. आईनं तो कागद कपाटात कपड्यांखाली सारला आणि त्यावर पुन्हा चकार शब्द काढला नाही.

लवंगीची खोली मात्र सगळी पांढरी होती. भिंती पांढऱ्या, दार पांढरं, कपाट पांढरं, दिव्याची बटणंसुद्धा पांढरी. दुपार कलली की सगळं एकमेकांत मिसळून जायचं आणि ती स्वतःच्याच खोलीत चाचपडायची. कपाळ, कोपर, गुडघा, काही ना काही रोज शेकून निघायचं.

सुट्टी लागली तशी आईनं खोली रंगवायला पेंटरकाकांना बोलावलं. त्यांनी रंगांचं पुस्तक उघडलं. आईनं फिकट मोतिया रंगावर बोट ठेवलं.

"मला दारामागची भिंत गडद निळी हवी," लवंगी म्हणाली. "दार पिवळं. चौकट काळी. आणि बटणांभोवती काळा चौकोन."

पेंटरकाका हसले. "अगं, खोली आहे का गॅरेज? असलं काही केलं तर लोक मला कामाला बोलवायचे नाहीत."

"पोरगी आहे, काहीही बोलते," आई घाईनं म्हणाली. "तुम्ही मोतियाच द्या."

"मग राहू दे," लवंगी म्हणाली. "माझी खोली मीच रंगवते."

आईनं डोळे वटारले, बाबांनी खिडकीबाहेर बघितलं. पेंटरकाका चढून रंग द्यायचा लाकडी घोडा तिथंच ठेवून, "ठरलं की कळवा," म्हणून निघून गेले. दुसऱ्या दिवशी बाबा कामावरून येताना निळा, पिवळा आणि काळा असे तीन डबे घेऊन आले आणि तिच्या दाराशी ठेवून हात धुवायला गेले. आई त्या दिवशी दोघांशीही बोलली नाही.

पहिले दोन दिवस खरवडण्यात गेले. लवंगीनं पत्र्यानं पोपडे काढले, भोकांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरली आणि घासपेपरनं भिंत घासली. हे काम तिला जमलं, कारण त्याला डोळे कमी आणि तळहात जास्त लागत होते. कुठं खडबडीत आहे ते बोटं बरोबर सांगायची. मग तिनं प्रायमर मारला. नाकातोंडात धूळ, केस पांढरे, पण स्वारी खूश.

घोळ झाला तो निळ्या रंगात. रोलर फिरवताना तिला समोरचा थाळीएवढा तुकडाच दिसायचा. सकाळच्या उन्हात तिनं भिंत कोपऱ्यापासून तुकड्यातुकड्यानं पाहिली, तर जागोजाग पांढरी बेटं सुटलेली. लवंगी घोड्यावर बसली आणि दहा मिनिटं मनसोक्त रडली. मग बाहीला नाक पुसून उठली. तिनं भिंतीवर दोरे ताणून वीतवीतभर चौकोन पाडले. एका वेळी एक चौकोन, तो भरला की पुढचा.

दुपारी पेंटरकाका घोडा न्यायला आले आणि दारातच थबकले.

"हे कोणी शिकवलं तुला?"

"कोणी नाही. मला एवढंच दिसतं काका. बाजूचं दिसत नाही."

काकांना कोणी हे सांगितलंच नव्हतं. त्यांनी आईकडे पाहिलं. आईनं मान खाली घातली. काका म्हणाले, "आण तो रोलर. तासाभरात उरकून देतो."

"नको. चुकतंय काय ते सांगा, हात मीच मारणार."

काका घोडा न्यायचा विसरले आणि त्याच्यावरच बसले. "चौकोन काढून टाक. एक चौकोन वाळतो, मग शेजारचा लावला की जोड दिसतो. उभे पट्टे धर, वरून खालपर्यंत. आणि ओली कड वाळू द्यायची नाही. पुढचा पट्टा तिच्यावर चार बोटं चढव."

तिनं आडवे दोरे काढून फक्त उभे ठेवले. काका नुसते "चढव, चढव, आता खाली," म्हणत राहिले. चार वाजेपर्यंत भिंत एकसारखी निळी झाली. खालच्या एका कोपऱ्यात ओघळ राहिला. काकांनी तो दाखवला; लवंगी म्हणाली, राहू दे.

दुसऱ्या दिवशी तिनं दार पिवळं केलं आणि चौकट काळी. आई आत आली ती संध्याकाळी, उजेड उतरल्यावर.

"तुझं सगळं फार ठाम असतं ना," आई म्हणाली. "हे रंग लावायचे म्हणजे... म्हणजे आपण मान्यच करायचं की..."

"आई, मान्य कर किंवा नको करू, डोळे त्यांचं काम करणारच. दार कुठंय ते तरी मला कळू दे."

लवंगीनं वहीचे दोन कागद काढले, गुंडाळून नळ्या केल्या आणि आईच्या हातात दिल्या. "एका हातानं डोळ्यांना लाव. आणि बाथरूमपर्यंत जाऊन ये. दिवा लावू नकोस."

आई नळ्या लावून निघाली. तीन पावलांवर तिचा खांदा भिंतीला घासला. बाथरूमचं दार पांढरं, शेजारची भिंत पांढरी. ती कडी शोधत दोनदा भिंतच चाचपत राहिली. मग वळली. समोर लवंगीच्या खोलीचं अर्धं उघडं दार काळ्या चौकटीत पिवळंधमक उभं होतं. आई सरळ तिथवर चालत आली, एकदाही हात पुढे न करता.

नळ्या खाली घेतल्या तेव्हा तिचे डोळे वाहत होते. बराच वेळ ती दाराच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. बोटाला रंग लागला, तरी तिला त्याचं भान नव्हतं.

"पिवळा किती उरलाय गं?" तिनं विचारलं.

"अर्धा डबा."

"बाथरूमच्या दाराला पुरेल?"

"दोन हात देता येतील. पण आधी घासावं लागेल."

आईनं पदर खोचला. "घासपेपर कुठंय तो दे इकडे. आणि हे बघ, कड ओली ठेवायची, का काय म्हणत होते ते काका, ते मला नीट सांग. मला एकदा सांगून समजत नाही."