राहून गेलेल्या चपलांची मांडणी

मित्रांनो, क्षणभर असे समजा की तुम्ही सकाळपासून समुद्रात खेळत आहात. केसांत वाळू, कानांत वाळू, पायांच्या बोटांच्या बेचक्यांत तर वाळूच वाळू. परतीची गाडी यायला दहा मिनिटे उरली आहेत. घाबरू नका, स्टेशन फार तर दोनशे पावलांवर आहे. वाळू संपते तिथे एक बुटकी दगडी भिंत आहे, भिंतीत एक फाटक, आणि फाटकातून आत पाऊल टाकले की थेट फलाट. रूळ इथेच संपतात. पुढे पाणीच आहे, तर गाडी जाणार कुठे?

फाटकाशी चार नळ ओळीने आहेत. वाळूचे पाय घेऊन गार्ड कुणालाही डब्यात चढू देत नाही, म्हणून तुम्ही चपला काढता आणि पाय धुता. ओल्या पायांत चपला घातल्या तर आतली वाळू चिकटून पाय पुन्हा होते तसेच. म्हणून शहाणी माणसे काय करतात? चपला नळाशीच ठेवतात आणि उन्हाने तापलेल्या फरशीवर पाय वाळवत उभी राहतात. इतक्यात गाडी येते. खिडकीची जागा पकडायला सगळे धूम पळतात. तुम्हीही पळता. आणि चपला?

त्या माझ्याकडे येतात. मी या फलाटावरची एक जुनी लाकडी मांडणी आहे.

माझा जन्म एका मोडलेल्या होडीतून झाला. स्टेशनावर दुरुस्तीला आलेल्या सुताराने किनाऱ्यावर पडलेल्या तिच्या फळ्या उचलून आणल्या, खिळे उपटले, रंधा मारला आणि मला तीन खण आणि चार पाय दिले. एक पाय मापात चुकला. "राहू दे, समुद्राकडे जरा झुकलेली बरी दिसते," असे म्हणून त्याने त्या पायाखाली वीट सरकवली. ती वीट आजही तिथेच आहे. मी तयार झाले तेव्हा माझ्या अंगाला डांबराचा वास येत होता. आता चामड्याचा येतो.

मला करून घेतले ते मावशींनी. मावशी म्हणजे या स्टेशनाच्या झाडूवाल्या. तेव्हा त्या तरुण होत्या. गाडी सुटली की नळाशी राहिलेल्या चपला गोळा करायच्या, झटकायच्या, माझ्या खणात जोडीने लावायच्या आणि खाली खडूने वार लिहायचा, हे काम त्यांना कुणी सांगितलेले नव्हते. पण राहिलेली वस्तू केरात टाकायची नाही, हा त्यांचा नेम होता. जीभ मात्र तिखट. चपला न्यायला कुणी आले की त्या कमरेवर हात ठेवून विचारायच्या, "काय हो, पाय धुताना अक्कलही वाहून जाते का तुमची?"

माणसे हसायची. मलाही मनातून फार हसू यायचे.

ते दिवस भरभराटीचे होते. दिवसाला आठ गाड्या यायच्या. सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी माझे तिन्ही खण भरून चपला खाली फरशीवर यायच्या. एकदा एका शाळेची सहल आली होती. गुरुजींनी बेचाळीस मुले मोजून डब्यात चढवली. "पाण्याची बाटली? रुमाल? टोपी? काही विसरलं नाही ना कुणी?" असे तीनदा ओरडून विचारले, आणि स्वतःचे बूट नळाशी ठेवून निघून गेले. पुढच्या रविवारी ते एकटेच बूट न्यायला आले. "मुलांना कळलं नाही ना?" असे त्यांनी मावशींना हळूच विचारले. मुलांना कळायचे कसले राहते! त्यांनी गाडीतच ओळखले होते आणि घरी जाईपर्यंत तोंडे दाबून धरली होती.

पण मित्रांनो, सुख काही मुक्कामाला येत नाही. डोंगराच्या बाजूने रुंद रस्ता झाला. मोटारी थेट वाळूपर्यंत जाऊ लागल्या. आठ गाड्यांच्या पाच झाल्या, पाचांच्या तीन. नळांपैकी दोन गंजून बंद पडले. माझा रंग पोपडे धरून उडाला. आठवडेच्या आठवडे माझ्या खणांत एखादीच नवी जोडी यायची, कधी तर एका पायाची चप्पल. न्यायला कुणी येत नसे. उन्हात फलाट रिकामा पसरलेला असायचा आणि भिंतीपलीकडून लाटांचा आवाज यायचा. कुणीतरी आपल्याला विसरले आहे, हे चपलांना कळत असेल का, हे मी सांगू शकत नाही. पण मला कळत होते.

त्या दिवसांत न चुकता येणारी दोनच माणसे होती. घड्याळे दुरुस्त करणारे एक आजोबा आणि त्यांची पत्नी. दर बुधवारी सकाळच्या गाडीने यायची, दुपारच्या गाडीने जायची. आजी घोट्यापर्यंत पाण्यात उभ्या राहायच्या आणि आजोबा वाळूवर बसून त्यांच्याकडे बघायचे. परतताना नळाशी आजोबांचे पाय धुऊन झाले की आजी त्यांचे तपकिरी बूट उचलून पुढे ठेवायच्या आणि म्हणायच्या, "घाला आधी. मग बघा समुद्र." इतकेच. इतक्या वर्षांत आजोबांचे बूट एकदाही माझ्याकडे आले नाहीत.

मग एका बुधवारी आजोबा एकटे आले. मावशींनी त्यांच्यासाठी बाक पुसून दिला.

त्यानंतर दोन वर्षे ते एकटेच येत राहिले. माझ्या शेजारच्या बाकावर बसायचे. बोलायचे नाहीत. मीही बोलू शकत नव्हते. दोघे मिळून भिंतीवरून दिसणारी पाण्याची रेघ बघायचो. त्या दोन वर्षांत बुधवार कधी येतो याची मी वाट पाहू लागले होते.

आणि एका बुधवारी आजोबांनी पाय धुतले, बूट नळाशी ठेवले, मोजे गुंडाळून बुटांत खोचले आणि समुद्राकडे बघत उभे राहिले. गाडी आली. ते चढले. मावशी तेव्हा फलाटाच्या दुसऱ्या टोकाला होत्या. मी सगळे पाहिले, पण लाकडाला हाक कुठून येणार?

पुढच्या बुधवारी आजोबा बूट न्यायला येतील म्हणून मावशींनी ते पुसून वरच्या खणात ठेवले. आजोबा आले नाहीत. त्याच्या पुढच्याही बुधवारी नाहीत. खाऱ्या हवेने चामडे आखडू नये म्हणून मावशींनी बुटांत कागदाचे बोळे भरले. पाच बुधवार गेले. बाकावर फक्त ऊन येऊन बसायचे.

सहाव्या आठवड्यात, रविवारी, दुपारच्या गाडीतून एक माणूस आणि नऊ-दहा वर्षांची एक मुलगी उतरली. तो आजोबांचा मुलगा होता आणि ती त्यांची नात. त्याने बूट लगेच ओळखले आणि पिशवीत टाकले.

"आजोबा कुठं आहेत?" मावशींनी विचारले.

"घरी. आता त्यांना एकट्याला नाही पाठवणार. मावशी, बाबा अनवाणी घरी आले! भर बाजारातून! ओळखीचे लोक बघत होते. डोकं चालेनासं झालंय त्यांचं. आज बूट विसरले, उद्या घर विसरतील."

"आणि ते काय म्हणतात?"

उत्तर मुलीने दिले. "काहीच म्हणत नाहीत. चहासुद्धा करत नाहीत हल्ली. म्हणतात, मी गॅस बंद करायला विसरेन. मी त्यांच्याकडे माझं घड्याळ दुरुस्तीला दिलं, तर तेही परत दिलं. म्हणाले, बाळा, आता माझा भरवसा नाही."

मावशींनी झाडू भिंतीला टेकवला. मुलीचा हात धरून तिला माझ्यासमोर उभे केले.

"हे बघ. ही चप्पल कुणाची? नव्या नवरीची. लग्नाला आठ दिवस झाले होते. हे बूट पोस्टमनचे. साऱ्या गावाचे पत्ते पाठ, पण स्वतःच्या पायांचा पत्ता नाही. आणि हे बघ, हे चकचकीत. हे डॉक्टरीणबाईंचे. दोनदा राहिलेत."

"डॉक्टरसुद्धा विसरतात?" मुलीचे डोळे मोठे झाले.

"त्यांना काय शिंगं असतात? या नळाशी सगळेच विसरतात. आणि तू रे," मावशी तिच्या बापाकडे वळल्या, "तू कशाला हसतोस? लहानपणी तुझ्याच तीनदा राहिल्या होत्या. एकदा तर आईनं तुला खांद्यावर घेऊन नेलं होतं."

"तेव्हा मी लहान होतो, मावशी."

"हो ना! लहानपणी विसरलं की गोड, म्हातारपणी विसरलं की डोकं गेलं. मधल्या वयाच्या लोकांची मात्र चैन आहे."

तो ओशाळला. त्याने माझ्या वरच्या खणावरून उगीच हात फिरवला. बऱ्याच महिन्यांनी मला मावशींशिवाय कुणाचा हात लागला होता.

"बाबा," मुलगी म्हणाली, "आपण आजोबांना इथं आणू या. त्यांना ही मांडणी दाखवू या. त्यांनी फक्त समुद्र बघितलाय. हिच्यात काय असतं ते त्यांना ठाऊकच नाही."

तिचे खरे होते. आजोबा दोन वर्षे माझ्या शेजारी बसले, पण त्यांनी माझ्याकडे वळून कधी पाहिले नव्हते.

"अगं, बूट मिळाले ना आता? मग पुन्हा कशाला यायचं?"

"पण बाबा…"

"बघू."

मित्रांनो, मोठ्यांचे 'बघू' म्हणजे काय, ते तुम्हाला मी सांगायला नको. मुलीने मान खाली घातली. "जा, गाडीला वेळ आहे, पाण्यात पाय बुडवून ये," असे बापाने तिला सांगितले. वाईट माणूस नव्हता तो. वडिलांना काही होईल या भीतीने तो बिचारा धास्तावला होता. पण धास्तीने त्याने वडिलांना खुर्चीत बसवून ठेवले होते, आणि ते बसून राहिले होते. एकदा चपला राहिल्या तर माणूस गाडीने पुन्हा येऊन नेतो. स्वतःवरचा विश्वास राहिला तर तो न्यायला कुठे जायचे? त्याच्यासाठी कुठल्या फलाटावर मांडणी असते?

म्हणून तुम्हाला मनापासून सांगते. घरात कुणी काही विसरले, तर आधी त्याच्या शेजारी बसा. आपणही काय काय विसरतो, ते त्याला सांगा. त्याची वस्तू जशी पुसून, जोडीने ठेवाल, तसा त्याचा मानही सांभाळा. मी लाकडाची आहे. मला सांभाळण्यापलीकडे काही येत नाही. तुम्हाला उठून जाता येते, हाक मारता येते.

मुलगी समुद्रावरून परत आली तेव्हा ऊन कलले होते. तिने नळाखाली पाय धुतले, सँडल हातात धरले आणि फरशीवर पाय वाळवत उभी राहिली. बराच वेळ ती माझ्याकडे बघत होती. मध्येच तिने बापाच्या खांद्यावरच्या पिशवीकडे पाहिले. आजोबांचे बूट त्या पिशवीत होते. ते घरी पोचले की इथे यायचे काही कारण उरणार नव्हते, हे तिला कळले होते आणि मलाही.

गाडी आली. "चल चल, खिडकी मिळेल!" म्हणत बाप पिशवी सावरत पुढे निघाला.

मुलगी त्याच्यामागे गेली नाही. ती माझ्याजवळ आली. आजोबांच्या बुटांनी रिकाम्या केलेल्या वरच्या खणापर्यंत तिचा हात पोचेना, म्हणून तिने टाचा उंचावल्या आणि आपले सँडल तिथे जोडीने, नीट, एकाशेजारी एक ठेवले. मग ती मावशींकडे वळून हळूच म्हणाली, "बुधवारी मी आजोबांना घेऊन येईन. हे न्यायला मला कुणीतरी सोबत लागेलच ना."

मावशींनी झाडू उचलला आणि पाठ फिरवून, जिथे केर नव्हता तिथे झाडू लागल्या.

मुलगी ओल्या पायांनी पळत सुटली, डब्यात चढली, खिडकीशी बापाच्या शेजारी बसली, आणि त्याची नजर जाण्याआधी दोन्ही पाय फ्रॉकखाली दुमडून घेऊन शहाण्यासारखी बाहेर बघू लागली.