दारावरचं कासव

“अगं, तो गेम ह्याच दुकानात होता. हक्क मागायचे तर मलाच माग की,” नागेशकाका म्हणाले.

ऋतुजा हसली, पण कंपनीला मेल टाइप करायची थांबली नाही. परभणीत काकांचं आता मोबाइलचं दुकान होतं. पूर्वी तिथं रुपया टाकून खेळायचे व्हिडिओ गेम असत. त्यातल्याच एकावरून परदेशात कार्टून निघालं. हैदराबादेत ते हिंदीत झालं, तेव्हा राजवाड्याच्या दारावरच्या म्हाताऱ्या कासवाला आवाज दिला होता तिच्या अप्पांनी, ताडकळसच्या चन्नप्पा कीर्तनकारांनी.

पुढं गळ्याच्या ऑपरेशनमध्ये अप्पांचा आवाज गेला. ऋतुजा तेव्हा पोटात होती. आपला बाप बोलतो कसा, हे तिनं कधी ऐकलंच नव्हतं. शिवनाम सप्ताहातलं कीर्तन अप्पांनी कुणाला टेप करू दिलं नाही. कीर्तन समोर बसून ऐकायचं असतं, म्हणायचे. आता त्यांचा आवाज उरला होता तो त्या कासवापाशी, आणि कासव कुठंच मिळत नव्हतं. हिंदीत कॅसेट कधी निघालीच नाही. गेमवाली कंपनी म्हणे, चित्रं आमची, कार्टून आमचं नव्हे. कार्टूनवाली विकली गेलेली. जिनं ती घेतली तिनं सीडी काढली, पण नुसती इंग्रजी.

“सोड आता पोरी. लय झालं.”

“काका, तुमीच सांगता न्हाई का, समोर चार माणसं असली तरी अप्पा कीर्तन पुरं करायचे?”

तिनं सीडीवाल्या कंपनीला पुन्हा लिहिलं.

ह्या खेपेला उत्तर आलं. हिंदी आवाज गोदामात सापडलाय. गेमवाल्यांशी करार संपल्यामुळं तो विकता येत नाही. पण कलाकाराला त्याचा तुकडा घरी ऐकण्यापुरता देऊ. मात्र कासवाचा आवाज कुणाचा, याची नोंद नाही. तो तुमच्या वडिलांचाच कशावरून?

घरी येऊन तिनं अप्पांना विचारलं. अप्पा आवाज न करता खूप वेळ हसले. मग पाटी ओढून त्यांनी लिहिलं : लिहून दिलं होतं ‘बैठिये’. तोंडातून गेलं ‘बैठो माय’. कीर्तनाला उशिरा येणाऱ्या बायांना ते असंच म्हणायचे, ‘बसा माय’. आणि संकोचून दारात थांबलेल्या बाया मिळेल तिथं बसायच्या.

ऋतुजानं तेवढंच कळवलं. आठवड्याभरात तुकडा आला.

तिनं मोबाइल ओसरीवर ठेवला आणि आईला हाक मारली.

“भाकर हाय तव्यावर. तुमी ऐका,” शिवम्मा चुलीपाशून म्हणाली. तरी ती स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आलीच, पिठाच्या हातानं.

मोबाइलमधून दरवाजा करकरला. मग भरदार, हसरा आवाज आला, “आइये, आइये... बैठो माय.”

ऋतुजानं अप्पांकडं पाहिलं. अप्पा दाराकडं पाहत होते. शिवम्मा पदर डोक्यावर घेऊन उंबऱ्यापाशीच मांडी घालून बसली होती.

आत भाकर करपल्याचा वास सुटला. कुणी उठलं नाही.