तांब्याच्या चार रेषा

दत्तोपंतांनी निम्म्या महाडला आमंत्रण देऊन टाकलं होतं. लेकीने पुण्याच्या प्रयोगशाळेत नवा रेणू शोधला, एवढंच त्यांना कळलं होतं आणि तेवढ्यावर संध्याकाळी सत्कार ठरला होता.

देवश्रीचं काम सांगायला सोपं. तांब्याच्या दांडीवर लेसर मारायचा, उडालेल्या वाफेत ॲसिटिलीन वायू सोडायचा आणि त्यातून जन्मलेल्या रेणूच्या प्रकाशातल्या रेषा मोजायच्या. अणू एकमेकांपासून किती लांब, सरळ रांगेत की वाकडे, हे त्या रेषा सांगतात. तांब्याचे अणू दोन वजनांचे, म्हणून रेषा जोडीने यायला हव्यात. देवश्रीला चार-चार दिसायच्या. जास्तीच्या दोन तिने रेणूच्या थरथरीच्या नावावर खपवल्या. वर्षानुवर्षं रिकाम्या हाती राहिल्यावर काहीतरी गवसलं होतं. तिच्या मार्गदर्शक सरांनीही मान डोलावली आणि लेख छापायला गेला.

दुपारी तिची आई, सरोज, मागल्या दारी औक्षणाचं ताम्हण चिंच-मिठाने घासत होती. ते बघता बघता देवश्रीला प्रयोगशाळेतली दांडी आठवली.

काळवंडलेली दांडी तीही अशीच घासायची, घरच्या सवयीने. घासलेल्या दिवशी रेषा ठसठशीत यायच्या आणि ती स्वच्छतेवर खूश व्हायची. दांडीवर राहिलेल्या मिठातल्या क्लोरीनचे अणूही दोन वजनांचे. दोन तांब्याचे, दोन क्लोरीनचे, त्यांच्या जोड्या झाल्या चार. जगाला कधीचं माहीत असलेलं कॉपर क्लोराइड तिने नवं म्हणून मिरवलं होतं. वायू न सोडताही रेषा येतात का, हे एकदा बघायला हवं होतं. तेवढं मात्र घाईत राहिलं.

गप्प बसावं, असं तिला वाटलं. पदवी त्या लेखावरच अवलंबून होती. मग तिला स्वतःचाच राग आला आणि ती कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर गेली.

सरांनी सगळं ऐकलं.

"लेख मागे घेऊ," ते म्हणाले. "दांडी यापुढे पॉलिश पेपरने घास."

घरी खुर्च्या भरल्या होत्या. सरोज निरांजन घेऊन पुढे आली.

"थांब आई. आधी मला बोलू दे, मग ओवाळायचं का ते ठरव."

देवश्रीने चिंच-मिठासकट सगळं सांगितलं. कोणी हसलं नाही. दत्तोपंत खाली मान घालून बसले होते. त्यांच्याकडे बघून तिला रडू आलं.

सरोजने वात सारखी केली.

"पाटावर बस," ती म्हणाली आणि ओवाळू लागली.