शाफ्टवरचा नाडा

वर्षालीने शाफ्ट पुन्हा एकदा हाताने पूर्ण फिरवला आणि लेझरच्या पडद्याकडे बघितलं. एक फेरा झाला की आकडा निघाला तिथेच परत यायला हवा. याही वेळी आला नाही.

"मोटर सरळ बसली का वाकडी, एवढं सांग न पोरी," कौशल्याबाई म्हणाल्या. "अमरावतीवरून तुले त्याच्यासाठीच बोलावलं."

अकोल्याच्या एमआयडीसीतली ही सरकीच्या तेलाची गिरणी त्यांची. नवरा, खुशालराव, गेल्यावर ती त्यांनी एकटीने चालवली.

"मोजमापच जुळून नाई राहिलं, काकू."

"मंग यानं बोल्ट ढिले सोडले, हेच खरं."

हा म्हणजे धर्मपाल. तो दारापाशी उभा होता. गेल्या आठवड्यात चालू गिरणीत मोटर आणि गिअरबॉक्स जोडणारं कपलिंग फुटलं आणि एक तुकडा त्याच्याच डोक्यावरून गेला. मोटर त्यानेच बसवली होती, भाड्याच्या लेझरने मोजून. आज त्याची चूक निघाली तर उद्यापासून त्याने यायचं नाही, असं बाईंनी सगळ्यांदेखत सांगून टाकलं होतं. अर्धं आयुष्य इथे घालवलेल्या माणसाला असं बोलताना त्यांची जीभ कशी अडखळली नाही, कोण जाणे.

 वर्षालीने नुसतं हो म्हटलं असतं तर तिला दुपारच्या गाडीने घरी जाता आलं असतं. तिने लेझर धरून ठेवणारं ब्रॅकेट पकडून हलवलं. त्याची साखळी शाफ्टभोवती घट्ट आवळलेली होती, तरी ते किंचित डुललं.

साखळी सोडून तिने शाफ्ट नखाने खरवडला. तेलाने काळा पडलेला, लोखंडासारखाच दिसणारा थर सुटला. आतून लाल-पिवळं सूत निघालं.

"हे काय?"

"दसऱ्याचा नाडा," बाई म्हणाल्या. "पहिला यांनी बांधला. आता दरवर्षी त्याच्यावरच माह्या हातचा."

"ब्रॅकेट या नाड्यावर बसते, म्हणून डुलते. मोजमाप खोटंच येणार." ती धर्मपालकडे वळली. "भाऊ, तुमीही इथंच बसवलं होतं?"

"दुसरी जागाच नाई."

"मंग नाडा काहून नाई काढला?"

धर्मपालने खाली बघितलं. बाईंनी पदर सारखा केला.

"कापा लागन, काकू," वर्षाली शेवटी म्हणाली.

पोती शिवायच्या टेबलावरून बाईंनी कात्री आणली. शाफ्टपाशी येऊन त्या थांबल्या, मग वळून कात्री धर्मपालपुढे धरली.

"घे. तू काप."

धर्मपालने पाठीमागे बांधलेले हात सोडले नाहीत.

"तुमीच कापा, बाई," तो हळू म्हणाला. "नाड्याले माहा हात लागाले नाई पायजे, असं तुमीच सांगतलं होतं."

कात्री थोडा वेळ तशीच पुढे राहिली. मग बाई खाली बसल्या. नाडा तेलाने चिवट झाला होता, आणि त्यांच्या मदतीला कुणी पुढे आलं नाही.