मधल्या माणसाचं तोंड

रत्नव्वानं छापून आलेल्या तावाचा कोपरा जिभेनं ओला केला, दोन बोटांत धरला आणि तो कुठल्या अंगाला वळतोय ते बघत उभी राहिली. कोपरा वळला, तसं तिचं तोंडही वाकडं झालं.

"ह्यो कागद मी शिवायची न्हाय," ती म्हणाली.

कटिंग मशीनवरचा सयाजी मान खाली घालून उगाचच पाती पुसू लागला. काय झालंय ते त्याला पक्कं ठाऊक होतं.

"काय झालं, रत्नक्का?" मालक श्रेणिक काचेच्या केबिनमधून बाहेर आला.

"कागद आडवा कापलाय."

"मीच सांगितलं तसं कापायला. असा फिरवून कापला की एका तावातनं दोन पानं जास्त निघतात. कागद वाया घालवायचा काय?"

"आनी आता सगळंच वाया गेलं त्येचं काय?"

राजारामपुरीतल्या सन्मती मुद्रणालयात रत्नव्वा सत्तावीस वर्षं बाइंडिंगला होती. छापलेल्या तावांच्या घड्या घालून फर्मे करायचे, ते क्रमानं लावायचे, दाभणानं भोकं पाडून दोऱ्यानं शिवायचे आणि पाठीला खळ लावायची. लेखकाचं नाव मुखपृष्ठावर येतं, मुद्रकाचं आतल्या पानावर, शिवणारीचं कुठंच येत नाही. रत्नव्वाला त्याचं काही वाटत नाही असं सगळे धरून चालत. तिला वाटायचं. पण वाटतं ते बोलून दाखवायला माणूस जरा मोकळा बसलेला असावा लागतो, आणि ती तशी कधी नसायचीच.

कागदालाही लाकडासारखं उभं-आडवं अंग असतं, हे तिला थोरल्या मालकांनी, म्हणजे श्रेणिकच्या वडिलांनी शिकवलं होतं. गिरणीत लगदा धावत्या जाळीवर पडतो आणि त्यातले तंतू धावत्या दिशेला निजतात. पुस्तकाची पाठ त्या निजलेल्या तंतूंच्या बाजूनं धरली, तर पान उलटलं की गपचूप पडून राहतं. आडवी धरली तर ते ताठ उभं राहतं, घडीवर चिरतं आणि हात सोडला की पुस्तक आपलं आपण मिटतं. पातळ कागद चुकला तरी पदरात घ्यायचा. जाड कागद मात्र वैर धरतो.

आणि हा कागद चांगला जाड होता. तो रक्षितानं निवडला होता.

रक्षिता पंचविशीची, पुण्याहून डिझाईनचं शिकून परत आलेली मुलगी. कागल पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीला पंचवीस वर्षं होत होती, त्याचं मोठं चित्रपुस्तक करायचं हे तिचं पहिलंच भारी काम. फाउंड्रीचे मालक सोमशेखर हुक्केरी यांना आधी चकचकीत आर्ट पेपर हवा होता. रक्षितानं तेच फोटो दोन कागदांवर छापून त्यांच्यापुढं ठेवले. चकचकीत कागदावर भट्टी नुकत्याच धुतलेल्या स्टीलच्या भांड्यासारखी दिसत होती. तिच्या खरबरीत, किंचित पिवळसर कागदावर मात्र काळा रंग आत मुरला होता, आणि धुराला धुराचा वास येईल असं वाटत होतं. त्यावर रत्नव्वानं शिवून दिलेली कोऱ्या पानांची डमी ठेवली. हुक्केरींनी ती उघडली, पानावरून तळहात फिरवला, हात काढला. पुस्तक उघडंच राहिलं. "असंच पाहिजे," ते म्हणाले, आणि काम मिळालं.

ही गोष्ट रक्षितानं प्रेसमध्ये येऊन दहा वेळा सांगितली होती. रत्नव्वानं दहाही वेळा नव्यानं ऐकली होती.

"घरच्या घरी काय वाद घालालाय, रत्नक्का," श्रेणिक आता जरा समजुतीनं बोलला. "दहातले चार फर्मे छापून झालेत. समारंभ बावीस दिवसांवर आलाय. तुम्ही शिवू नका. नवं गमचं मशीन कशाला आणलंय? सयाजी, एक कॉपी मार बघू."

हे गमचं मशीन आषाढात आलं होतं. पुस्तकाची पाठ तासायची, गरम गोंद फासायचा, कव्हर दाबायचं, की झालं. ना दोरा, ना दाभण. ते आल्यापासून रत्नव्वाचं टेबल दोनदा मागं सरकलं होतं.

सयाजीनं चार फर्म्यांची एक प्रत बांधली. दिसायला देखणी झाली, खोटं कशाला बोला. श्रेणिकनं ती सगळ्यांना फिरवून दाखवली. तेवढ्यात रक्षिता स्कूटी लावून आत आली आणि पुस्तक बघून खूश झाली.

"उघड की बाई," रत्नव्वा म्हणाली. "त्यो गुरूपचा फोटो काढ."

समोरासमोरच्या दोन पानांवर पसरलेला एक जुना फोटो होता. पंचवीस वर्षांपूर्वी उद्यमनगरात चार पत्र्यांखाली फाउंड्री सुरू झाली, त्या दिवशीचा. एकतीस माणसं दोन रांगांत उभी होती. डाव्या पानावर पंधरा, उजव्या पानावर पंधरा आणि बरोबर मध्ये एक उंच माणूस, डोक्याला फडकं बांधलेला. रक्षितानं पान उघडलं. पान उघडेना. तिनं दोन्ही अंगठ्यांनी दाबलं, तर पाठीत कट्ट असा आवाज झाला. मधल्या माणसाचे दोन कान तेवढे दिसत होते, नाक, डोळे, तोंड सगळं खाचेत गेलेलं. तिनं अंगठे काढले आणि पुस्तक फटकन मिटलं.

रक्षिताचा चेहरा उतरला. "श्रेणिकदादा, हे असं..."

"अगं, कोण बघतंय! लोक पुस्तक चाळतात आणि कपाटात ठेवतात. एक माणूस जरा आत गेला म्हणून काय बिघडलं?"

"त्यो बाप्या बघंल की," रत्नव्वा म्हणाली. "पुस्तक हातात घिऊन पयलं आपलंच तोंड हुडकंल."

"तो कोण आहे तुम्हाला माहीत तरी आहे का?"

"न्हाय. म्हनून त्येला मोडून टाकायचा व्हय?"

श्रेणिकचा पारा चढला. तो वाईट माणूस नव्हता. पण मशीनचा आवाज थांबलेला, माणसं बघत उभी आणि बाइंडिंगची बाई आपल्याला चार लोकांत शिकवतेय, हे कुठल्या मालकाला गोड लागेल? "हे बघा, प्रेस मी चालवतोय. शिवायचं तर शिवा, नाहीतर उद्यापासून येऊ नका."

"डमी मी केलीया, मालक. तिच्यावर हात फिरवून त्या मान्सानं होकार दिला. म्हंजे सबूद माझा गेलाय. तुमचा न्हाय."

तिनं आपली शिंगाची पट्टी उचलली. घड्या दाबून दाबून तिच्या मधोमध अंगठ्याएवढा खळगा पडला होता. दाभण घेतलं, मेणाचा गोळा घेतला, सगळं फडक्यात बांधलं. मग कपाटावरची डमी घेतली, रक्षिताच्या हातातली सयाजीनं बांधलेली प्रत घेतली आणि पायात चपला सरकवून चालू लागली. ती अशी निघून जाईल असं कुणालाच वाटलं नव्हतं, त्यामुळं अडवायचं कुणाला सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कागलच्या बसमध्ये बसली. फाट्यावर उतरून दोन्ही पुस्तकं पदराखाली धरून एमआयडीसीचा सरळसोट रस्ता चालली. भुरभुर पाऊस होता. फाउंड्रीच्या गेटवर वॉचमननं तिला आपादमस्तक न्याहाळलं.

"कुनाकडं, मावशी? डबा द्यायचा काय कुनाचा?"

"मालकाकडं. पुस्तक दावायचंय."

"साहेब पुस्तकं घेत न्हाईत."

"ईकत न्हाय बाबा, त्यांचंच हाय. न्हाय सोडलंस तर हितंच बसते. येतील जातील तवा दिसंन त्यास्नी."

आणि खरंच ती गेटशेजारी वॉचमनच्या खोकीच्या वळचणीला बसली. तासाभरानं हुक्केरींची गाडी आली. खोकीला टेकून बसलेली बाई आणि तिच्या मांडीवरची आपली डमी त्यांनी ओळखली, म्हणजे डमी ओळखली. गाडी थांबली.

ऑफिसात तिनं दोन्ही पुस्तकं त्यांच्या टेबलावर शेजारी-शेजारी ठेवली. डमी उघडली, हात काढला. छापील प्रत फोटोपाशी उघडली, हात काढला. ती मिटली. तिनं पुन्हा उघडली. ती पुन्हा मिटली. एवढंच केलं. मग काय चुकलंय ते दोन वाक्यांत सांगितलं. श्रेणिकला कुठंही नावं ठेवली नाहीत.

हुक्केरींनी दोन्ही हातांनी दाबून तो फोटो बघितला. "एकवीस दिवस राहिलेत, बाई. पाहुणे ठरलेत. आता कुठं परत छापत बसायचं?"

"ह्यो मधी हाय, त्यो कोन?"

हुक्केरी वाकले. चष्मा वर केला. "हा... हा आपला... भट्टीवर होता हो. काय बरं नाव?" त्यांनी हजेरी ठेवणारा टाइम ऑफिसचा माणूस बोलावला. त्यालाही सांगता येईना. तो फोटोनंतर पंधरा वर्षांनी कामाला लागलेला.

रत्नव्वा उठून उभी राहिली. बोलायचं ते बसून बोलणं तिला जमेना.

"पंचवीस वर्सांचं पुस्तक काढालायसा, मालक. नाव म्हाईत न्हाय तर न्हाय. पर तोंड तरी ऱ्हाऊ द्या की त्येचं!"

टाइम ऑफिसचा माणूस भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत राहिला. हुक्केरींचे कान लाल झाले. ते चिडले की लाजले हे रत्नव्वाला कळलं नाही, आणि कळून घेण्याची तिला गरजही वाटली नाही. डमी त्यांच्याच टेबलावर ठेवून ती निघाली.

त्याच संध्याकाळी प्रेसमध्ये फोन आला. कागद नवा मागवा, उभा कापा, पहिल्यापासून छापा. समारंभाला सगळी पुस्तकं झाली नाहीत तरी चालतील, तीनशेच द्या, पण त्या बाईनं शिवलेली द्या. आणि फोटोखाली एकतिसांची नावं येतील, ती शोधून चार दिवसांत पाठवतो.

रत्नव्वाला बोलवायला रक्षिता स्वतः टेंबलाईवाडीला तिच्या घरी आली. रत्नव्वा गेली. श्रेणिकनं तोंडदेखलंही "या" म्हटलं नाही, आणि तिनंही वाट बघितली नाही. शेजारच्या चिमणाबाई आणि शालूबाई यांना हाताशी घेऊन तिनं बारा दिवस घड्या घातल्या आणि पुस्तकं शिवली. श्रावणातल्या ओलीनं खळ वाळेना, तर बल्ब लावून वाळवली. चुकीचा कापलेला कागद निमंत्रणपत्रिकांना वापरला, आणि खरं सांगायचं तर त्या पत्रिका झकास झाल्या. आडव्या अंगाच्या कागदालाही त्याचं त्याचं काम असतं.

रक्षितानं आतल्या पानावर एक ओळ घातली होती. 'शिलाई : रत्नव्वा'. श्रेणिकनं ती प्रुफातच काढली. "बाइंडरचं नाव घालायची पद्धत नाही," तो म्हणाला. रक्षिता भांडायला उठली, तर रत्नव्वानंच तिला खाली बसवलं. "ऱ्हाऊ दे. मी त्येच्यासाठी न्हाय गेलते."

पण तिला लागलं. लागलं ते लागलंच.

तीनशेवं पुस्तक दाबाखाली ठेवून ती हात धूत होती, तेव्हा श्रेणिक मागं येऊन उभा राहिला. "माझ्या गिऱ्हाईकाकडं माझ्या माघारी गेलात, रत्नक्का. चार लोकांत एकदा चुकलं म्हणा. मी सगळं विसरतो. टेबल आहे तिथंच राहील."

त्याच्या आवाजात खरोखर आर्जव होतं. लहानपणी शाळा सुटल्यावर हाच पोरगा तिच्याकडून वह्या शिवून घ्यायचा. तिनं ओले हात पदराला पुसले. मग ती म्हणाली, "चुकले असते तर माफी मागिटली असती, मालक. चुकले न्हाय."

तिनं फडक्यात पट्टी आणि दाभण गुंडाळलं. या वेळी सयाजी दारापर्यंत आला.

समारंभाला तिला बोलावणं होतं. ती गेली नाही. घरच्या सोप्यात तिनं एक फळी टाकली आणि विद्यापीठातल्या पोरांचे प्रबंध शिवायला घेतले. दिवस जात होते. कधी काम असायचं, कधी नसायचं. प्रेसच्या गल्लीतून जायची वेळ आली की ती पुढच्या गल्लीनं जायची.

माघात एका दुपारी दारात एक म्हातारा उभा राहिला. उंच, पाठीत वाकलेला, डोक्याला फडकं. काखेत टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी.

"पुस्तकं शिवनारी बाई हितंच ऱ्हाती काय?"

"व्हय. काय शिवायचंय, पावनं?"

"शिवायचं न्हाय. शिवल्यालंच हाय." तो सोप्याच्या कडेला बसला. "पत्ता त्या पोरीनं दिला, चित्रवालीनं. म्या आकाराम. बिद्रीला असतो लेकीकडं. कारखान्यातनं मानूस आलता हुडकत, नाव इचारत."

त्यानं टॉवेल सोडला. पुस्तक फळीवर ठेवलं आणि पानं न चाळता बरोबर त्या फोटोपाशी उघडलं. रोज तिथंच उघडत असावा. फोटोत दोन्ही पानांच्या मध्ये तो तरणाबांड उभा होता, नाकाडोळ्यांसकट, सरळ समोर बघत. खाली एकतीस नावं होती. आकारामचं सोळावं.

रत्नव्वानं मधल्या घडीवरून अंगठा फिरवला. दोरा जिथल्या तिथं होता.

"नात म्हनती, आजा, हात काढ, मिटत न्हाय," म्हातारा म्हणाला. "आनी खरंच मिटत न्हाय बगा." त्यानं हात काढून दाखवला. मग इकडंतिकडं बघून विचारलं, "तुमचं नाव काय? ह्येच्यात घावलं न्हाय."

"रत्नव्वा."

"रत्नव्वा," त्यानं पाठ केल्यासारखं म्हटलं.

ती चहा टाकायला आत गेली. परत आली तेव्हा तो भिंतीला टेकून डुलकी घेत होता, आणि फळीवर उन्हात पुस्तक उघडंच पडलं होतं.