बी राखणारीचं नाव

"बियाणं मागायला कुणी आलं, तर चहाच्या आधी नाव-गाव विचार," असं गुरम्मानं मुखेडच्या बसस्टँडवर बजावलं, तेव्हा पंचशीला हसली होती. गुरम्मा तिची कॉलेजातली मैत्रीण, आता कृषी विद्यालयात शिकवते. "मूठभर ज्वारी कोण लुटून नेतंय गं?" म्हणत पंचशीलानं विषय झटकला.

त्या सालचा दुष्काळ आठवतो ना? लातूरला पाणी रेल्वेनं येत होतं अन् पारावर मात्र आपल्याकडं नवा जिल्हा होणार अशा गप्पा रंगत होत्या. शिवारभर ज्वारी करपली. तगली ती एकट्या सरजाबाईची. ही पंचशीलाची सासू. लाल कणसाचं ते बी तिनं वर्षानुवर्षं राखेत घोळवून गाडग्यात जपलेलं.

एका दुपारी दारात जीप थांबली. परदेशी बियाणे कंपनीचा अधिकारी, बोलायला मोठा गोड.

"मावशी, नवा जिल्हा झाला की इथंच बियाण्याचं केंद्र काढतो. दोन मुठी बी द्या. अन् ह्या मोबाईलपुढं एवढंच म्हणा, हे बी कुणाचंच नाही."

सरजाबाईला त्यात वावगं वाटलं नाही. बी देताना 'माझं' म्हटलं की बरकत जाते, म्हणून तिथल्या बायका ओटीत बी घालताना म्हणतातच, 'माझं न्हाई, भुईचं हाय.'

पंचशीलाला मात्र गुरम्माचं बजावणं आठवलं. कडेवर लेकरू किरकिरत होतं. द्यायला सासू तयार असताना वर हे वाक्य कशाला?

"आत्या, थांबा!"

"पाव्हण्यापुढं आडवी येतीस व्हय? दोन मुठीनं काय कंगाल होऊन राहिलो आपण?"

पंचशीलानं गुरम्माला फोन लावला, घडलं ते सांगितलं अन् स्पीकर चालू केला.

"मावशी," गुरम्मा म्हणाली, "आता कायदा विचारतो, मूळ बी राखलं कुणी? त्या राखणाऱ्याला नफ्यात वाटा द्यावा लागतो. कायदा बदलला तशी कंपनीनं चाल बदलली. आधी गुपचूप नेत होते, आता तुमच्याच तोंडून हक्क सोडवून घेऊन राहिले."

"भुईचं म्हणलं तर खोटं हाय का?"

"खरं हाय. पण भुई काही हक्क सांगायला येणार न्हाई. उद्या पाकिटावर त्यांचं नाव छापतील. तुमची राखण कुणाला ठावं?"

"ताई, नुसती पद्धत आहे हो आमची," अधिकारी कसनुसं हसला.

सरजाबाई पदर सावरून मोबाईलकडं वळली.

"घ्या. बी भुईचं हाय, पर राखलं माझ्या सासूनं अन् म्या. न्यायचं तर आमचं नाव घेऊन न्या."

अधिकाऱ्यानं मोबाईल खिशात घातला. जीप बी न घेताच गेली.

वाचकहो, दानत सोडायची नाही. पण देणं वेगळं अन् हक्क सोडून देणं वेगळं. तुमच्याही गल्लीत बी जपणारी एखादी म्हातारी असेल. आजच तिच्याकडं जा. दारात कोण येऊन गेलं, तिच्याकडून काय वदवून घेतलं, एवढं विचारून या.